अडतिसावी ओळ

"येतो," उदयराव माळवदे चौदाव्यांदा म्हणाले.

"कुठे येतोस? तू आधीच इथे आहेस," भुयारानं चौदाव्यांदा ऐकवलं.

म्हणाले म्हणजे तोंडानं नव्हे. उदयरावांचं तोंड पाच महिन्यांत एकदाही हललं नव्हतं. मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली आणि मेंदूतून खाली येणारी वाट तिथेच तुटली. वरचं सगळं शाबूत होतं. आठवत होतं, कळत होतं, रागही येत असणार. पण बोट हलत नव्हतं, जीभ हलत नव्हती, पापणीसुद्धा हुकमात नव्हती. गावाबाहेरच्या त्या संगोपन केंद्रात ते पाठीवर पडून असत आणि गळ्याशी लावलेलं यंत्र त्यांच्यासाठी श्वास घेत असे.

आणि आता छताच्या पडद्यावर त्यांच्यासमोर एक भुयार होतं. चित्र नाही, रंग नाही, नुसत्या ओळी. 'तू भुयाराच्या तोंडाशी आहेस. समोर बंद दार. हातात दिवा.' ज्याचा हात उचलत नाही त्याच्या हातात दिवा देणाऱ्याची कमालच म्हणायची, असं त्यांच्या बायकोला, हेमांगीला, पहिल्यांदा वाटलं होतं.

"काकू, आपण 'दार' म्हणायला जातो ना, तेव्हा जीभ हलायच्या आधी मेंदूतून एक हुकूम सुटतो," डॉ. नाझनीन मुल्लानं तिला समजावलं होतं. ही केंद्रातली वाचातज्ज्ञ, कराडचीच मुलगी, बोलायला मोकळी. "काकांचा हुकूम अजून सुटतोय, फक्त जिभेपर्यंत पोचत नाही. आम्ही मेंदूवर बसवलेली जाळी तो वाटेतच पकडते."

"पण कुठला हुकूम म्हणजे कुठला शब्द, हे त्या जाळीला कोण सांगणार?"

"हेच तर! म्हणून हा खेळ. आधी आम्ही शब्दांच्या याद्या वाचून घ्यायचो, पेशंट झोपून जायचे. चित्रांचे खेळ दिले तर मेंदू नुसता चित्रं बघण्यात गुंततो. भुयारात तसं नाही. बंद दारासमोर माणूस काय म्हणेल? 'उघड' म्हणेल, नाहीतर 'ठोठाव'. 'मासा' तर म्हणणार नाही. दोन-चारच शब्द शक्य असले की यंत्राला अंदाज करता येतो. अंदाज बरोबर आला की दार उघडतं, काका पुढे जातात आणि तो शब्द यंत्राचा पाठ होतो."

कल्पना झकास होती. फक्त भुयारातून बाहेर पडायचा शब्द होता 'जातो'. आणि उदयराव तो शब्द उच्चारायला तयार नव्हते.

ह्याला कारण हेमांगीच. लग्नाला बारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. उदयराव मोजणी खात्यात. रोज सकाळी यंत्र खांद्यावर टाकून कुठल्या ना कुठल्या गावाच्या बांधावर जायचे आणि निघताना "येतो गं" म्हणायचे. एकदा कसल्याशा भांडणात "जातो मी!" म्हणून जिना उतरले. ही मागोमाग धावली, भर रस्त्यातून त्यांना परत आणलं, वर नेऊन खुर्चीत बसवलं, हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, "आता नीट सांगून निघा." मोजणीच्या जागी दोन भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन उभे होते, तरी साहेब साखर खाऊन "येतो" म्हणून निघाले. त्यानंतर आयुष्यात तो शब्द त्यांनी घरातून निघताना उच्चारला नाही.

आता ते खेळातून निघत होते आणि खेळ त्यांना निघू देत नव्हता. नळीतून द्यायची पेज गार होऊन चालली होती.

"अहो, म्हणा ना 'जातो'! नुसता खेळ आहे तो."

"येतो," पडद्यावर उमटलं. पंधराव्यांदा.

नाझनीन हसत सुटली. तिनं हेमांगीच्या हातात टॅबसारखा एक फलक दिला. त्यावर 'खेळाडूच्या निवडी' नावाची फाइल होती. खेळाडूला हात नसल्यासारखाच, म्हणून ती साथीदारानं भरायची. वर्णन सविस्तर हवं की थोडक्यात, वस्तू आपोआप उचलायच्या का, आवाज हवा का, अशा ओळीमागून ओळी. खाली पर्यायी शब्दांची जागा. डावीकडे माणूस म्हणेल तो शब्द, उजवीकडे यंत्रानं धरायचा शब्द.

हेमांगीनं अडतिसाव्या ओळीवर लिहिलं, 'येतो = जातो'.

लगेच खेळानं विचारलं, 'नक्की जायचं? हो की नाही?' आता 'हो' म्हणायला आणखी पाव तास. तिनं चिडून वरची एक ओळ बदलली, 'कोणत्याही कृतीआधी विचार: नाही'. भुयार मिटलं. पेज पोटात गेली. त्या दिवशी दोघी पोटभर हसल्या आणि विसरून गेल्या.

पुढचे चौदा महिने हेमांगी रोज सकाळी नऊच्या बसनं केंद्रावर यायची आणि संध्याकाळी पाचच्या बसनं परत जायची. तिचं खाली ब्लाउज शिवायचं दुकान आणि वर दोन खोल्यांचं घर. परत जाऊन ती मशीनवर बसायची. गिऱ्हाइकांच्या तारखा चुकायला लागल्या, मग गिऱ्हाइकं चुकायला लागली. पाठ धरली होती ती सुटली नाही. कुणी विचारलं कशी आहेस, तर "आहे" एवढंच म्हणायची. खरंच तेवढीच होती ती.

आणि थकलेला माणूस जे करतो ते तिनं केलं. निवडींची फाइल हळूहळू आपल्या सोयीची करून घेतली. 'तू एका दमट दालनात आहेस, छतातून पाणी ठिबकते आहे,' हे दोनशेव्यांदा ऐकवेना, म्हणून वर्णन थोडक्यात केलं. उदयराव प्रत्येक किल्लीसाठी अर्धा तास झगडायचे ते बघवेना, म्हणून वस्तू आपोआप उचलायला लावल्या. त्यांचे शब्द यंत्र मोठ्यानं बोलून दाखवायचं, तेही एखाद्या स्टेशनवरच्या सूचनेसारख्या गुळगुळीत आवाजात. नवऱ्याच्या उशाशी दुसराच पुरुष बोलतोय असं व्हायचं. तिनं आवाज बंद केला. आता त्यांचं बोलणं उशामागच्या भिंतीवरच्या पाटीवर उमटायचं. भेटायला आलेल्याला ते दिसायचं. त्यांना स्वतःला दिसत नव्हतं.

उदयराव मात्र खेळ मन लावून खेळत. भुयारात 'मोज' असा एक हुकूम होता, त्यानं दालनाची लांबी-रुंदी पावलांत कळायची. केंद्रातल्या इतर कुणी तो कधी वापरला नव्हता. हे प्रत्येक दालन मोजत. जन्माची खोड, दुसरं काय!

दोन महिन्यांपूर्वी यंत्राचे पावणेदोनशे शब्द पक्के झाले आणि नाझनीननं त्यांना भुयाराबाहेर काढलं. आता ते खेळाशिवाय, मनाला येईल ते बोलू शकत होते. पण शब्द सगळे भुयारातलेच. त्यात चहा नव्हता, घर नव्हतं, मुलीचं नाव नव्हतं. 'हो' आणि 'नाही'सुद्धा नव्हते, कारण खेळानं ते विचारायचंच हेमांगीनं बंद केलं होतं. एकेक नवा शब्द शिकवायला तीन-तीन आठवडे लागणार होते. तोवर उदयरावांनी आहे त्यात भागवायला सुरुवात केली. पाणी म्हणजे झरा. नर्स म्हणजे पहारेकरी. नाकातली नळी म्हणजे साप. खाट म्हणजे होडी. बायकोसाठी भुयारात दोनच शब्द होते, राणी आणि चेटकीण. ह्यांनी चेटकीण निवडला.

"बघा, पंचवीस वर्षांनी खरं बोलले!" हेमांगी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला मनापासून हसू आलं.

त्याच आठवड्यात तिनं संध्याकाळी पिशवी उचलली, नेहमीसारखं "येते हं" म्हटलं आणि सवयीनं पाटीकडे बघितलं.

पाटीवर लिहिलं होतं, 'वर जातो.'

तिनं खाटेचा गज धरला. मग बाहेर आली. दुसऱ्या दिवशी "काय हवंय तुम्हाला?" असं नाझनीननं विचारलं, तर पाटीवर तेच. 'वर जातो.' तिसऱ्या दिवशी हेमांगी निघताना पुन्हा तेच. धडधाकट असताना नुसतं 'जातो' म्हणायला जो माणूस राजी नव्हता, तो रोज हे म्हणतोय म्हणजे तो ते मनापासूनच म्हणतोय, असं हेमांगीला वाटलं. आता वर जाणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला लागतं का?

केंद्राची एक इच्छा-समिती होती. जाळीवरून बोलणाऱ्या पेशंटनं तीस वेगवेगळ्या दिवशी तीच इच्छा सांगितली, तर त्याची नोंद घ्यायची आणि श्वासयंत्र थांबवायचं की नाही ते घरच्यांबरोबर बसून ठरवायचं, असा नियम होता. उदयरावांचे एक्केचाळीस दिवस भरले. बैठक गुरुवारी ठरली.

मुलीनं, ऋजुतानं, पर्थहून फोन केला. ती खूप रडली, मग म्हणाली, "आई, बाबाच म्हणतायत ना? मग सुटू दे त्यांना. आणि तूही सुटशील गं."

"तसं नको बोलूस," हेमांगी म्हणाली. पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली आणि डोकं टेकताच गाढ झोप लागली. दीड वर्षात अशी लागली नव्हती. कंडक्टरनं हलवून जागं केलं तेव्हा पहिला विचार आला की आता फक्त गुरुवारपर्यंत. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तरी तो विचार जाईना.

मंगळवारी सकाळी नाझनीननं फलक पुढे केला.

"काकू, एक औपचारिकता राहिलीय. समितीपुढे जायच्या आधी साथीदारानं निवडींची फाइल तपासून सही करायची असते. सगळं बरोबर आहे एवढंच. दोन मिनिटांचं काम."

हेमांगी खिडकीशी बसून ओळी वाचत गेली. वर्णन: थोडक्यात. वस्तू आपोआप उचल: हो. आवाज: नाही. विचार: नाही. सगळ्या तिच्याच हातच्या. बोट खाली सरकत अडतिसाव्या ओळीवर आलं.

येतो = जातो.

तिनं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग फलक पालथा करून काखेत धरला, उठली आणि तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये जाऊन बसली.

चहा आला. तिनं तो प्यायला नाही. वर. त्यांचं घर दुकानाच्या वर. पंचवीस वर्षं घर म्हणजे 'वर'. "डबा वर राहिला." "किल्ली वर आहे." संध्याकाळी मोजणीवरून परत आले की दुकानाच्या दारातून आत डोकावून विचारायचे, "वर येतेस का गं? चहा टाकतो." भुयारात घर हा शब्द नव्हता, पण 'वर' होता. मी निघताना "येते" म्हणायची आणि हा माणूस म्हणायचा, वर येतो. मलाही घरी ने. एक्केचाळीस दिवस. आणि मी तोंड फिरवून निघून जायची.

अरे देवा!

आणि खरं सांगायचं तर त्याच्या पाठोपाठ दुसराही विचार आला. ही ओळ माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. नाझनीन कधीच विसरली. सही दोन मिनिटांची. गुरुवार परवावर आलाय. आणि घरी आणायचं म्हणजे काय, ते कोण करणार? दर दोन तासांनी कूस बदलायची, नळी, यंत्र, लघवीची पिशवी. ऋजुता पर्थमध्ये. ह्या पाठीनं? हेमांगीनं डोळे मिटून घेतले. तिला इतकं थकल्यासारखं वाटत होतं की खुर्चीतून उठायचंसुद्धा जिवावर आलं.

चहावर साय धरली. मग ती उठली.

"नाझनीन, ही ओळ माझी आहे," तिनं फलक दाखवला.

नाझनीननं वाचलं. आधी तिला काही कळेना. मग कळलं तशी ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलीच. "पण काकू, ही खेळाची ओळ होती... बाहेरच्या बोलण्यालाही तीच फाइल... या अल्ला! म्हणजे आमच्या सगळ्या नोंदीत..."

"'येतो' कुठेच नसणार. शोध."

नाझनीननं शोधलं. चौदा महिन्यांच्या नोंदीत तो शब्द एकदाही नव्हता. जो शब्द नाहीच, तो नाही हे कुणाच्या लक्षात कसं येणार?

"आणि 'वर' म्हणजे, काकू?"

"आमचं घर वर आहे गं. दुकानाच्या वर."

हेमांगीनं स्वतःच्या हातानं ती ओळ खोडली. मग थोडं थांबून आवाज सुरू केला. मग उदयरावांच्या चेहऱ्यासमोर, त्यांच्या नजरेत येईल अशी उभी राहिली आणि सकाळी अकरा वाजता, पिशवी न उचलताच म्हणाली, "अहो, येते हं."

यंत्राला शब्द जुळवायला वेळ लागायचा. श्वासयंत्राचा सुस्कारा तेवढा चालला होता.

"वर येतो," गुळगुळीत आवाजानं सांगितलं.

नाझनीन चष्मा पुसत खोलीबाहेर गेली. हेमांगीनं 'या' म्हणायला तोंड उघडलं. निघताना कुणी 'येतो' म्हटलं की 'या' म्हणायचं, त्याला काही विचार करावा लागत नाही. पण तिच्याच्यानं म्हणवेना. ती त्यांच्या छातीशी कपाळ टेकून खाली बसली.

"मला झेपायचं नाही हो," ती म्हणाली. "ऐका तुम्ही. तुम्हाला मरायचंय असं वाटलं ना सगळ्यांना, तेव्हा मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. आत्ता खाली चहापुढे बसले होते तेव्हासुद्धा माझ्या मनात आलं की गप्प बसावं. अशी झालेय मी. पाठ मोडलीय, झोप नाही, तुमच्यावर राग येतो, आणि तुम्हाला घरी न्यायचं म्हटलं की धडकी भरते. काय करू मी?"

हे आपल्याशी कायमचा अबोला धरणार, असं तिला वाटायला लागलं.

"चेटकीण," आवाज म्हणाला.

मग पुढचा शब्द आला.

"झोप."

ती मान वर करून बघत राहिली. त्यांचे डोळे छताकडेच होते, जिथे भुयार दिसायचं तिथे.

"जिना मोज," आवाज म्हणाला.

हेमांगीला रडू येत होतं त्यातच हसू फुटलं. "सुधारणार नाही हा माणूस!" ती म्हणाली. सहीच्या जागी तिनं लिहिलं, 'तपासली. चूक आहे. चूक माझी.' गुरुवारची बैठक रद्द झाली.

घरी येऊन तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कापडाच्या गठ्ठ्यावर चार वाजेपर्यंत झोपली. उठल्यावर गळ्यातली शिवणाची टेप घेऊन जिन्याशी गेली. जिना रुंदीला सत्तावीस इंच भरला. वळणावर चोवीस. केंद्रातली खाट छत्तीस इंची. तिनं पुन्हा मोजला, कारण उदयराव कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय कागदावर मांडत नसत. जिना तेवढाच भरला.

ती पायरीवर बसली. जिन्याचा राग आला, त्यांचा आला, स्वतःचा आला. सगळे राग येऊन गेल्यावर ती दुकानात आली. पिको मशीन तिनं भिंतीला लावलं, काउंटर शटरकडे सरकवला, मग ब्लाउज आखायच्या खडूनं जमिनीवर चौकोन आखला. साडेसहा फूट बाय तीन फूट. उशाशी श्वासयंत्र. ते आता चपलेच्या खोक्याएवढं यायला लागलं होतं. शिवणाच्या खुर्चीपासून हात लांबवला की चौकोनाला लागत होता.

बुधवारी सकाळी नऊच्या बसनं ती केंद्रावर गेली.

"जिना सत्तावीस," तिनं सांगितलं. "वळणावर चोवीस. होडी जात नाही."

यंत्र म्हणालं, "परत मोज."

"दोनदा मोजलाय! मला शिकवू नका." तिनं स्टूल जवळ ओढलं. "नीट ऐका. वर जमायचं नाही. खाली दुकानात होडी बसते, आखून आलेय मी. मीच खाली येईन झोपायला. नाझनीन बघतेय, दुपारची एक बाई मिळेल. तिच्याशिवाय मी आणणार नाही तुम्हाला, हे आत्ताच सांगते. दिवसभर मशीनची खडखड आणि बायकांची बडबड ऐकावी लागेल. मी दमले तर दमले म्हणणार. चिडले तर चिडणार. आणि पुन्हा झेपलं नाही तर तेही तोंडावर सांगणार. चालेल?"

'चालेल' हा शब्द भुयारात नव्हता, आणि 'हो'सुद्धा अजून शिकवायचा होता. हेमांगी वाट बघत बसली. तिला घाई नव्हती.

"येतो," उदयराव म्हणाले.

"या," हेमांगी म्हणाली.